मुंगसाची शंभर शीळनाणी

सागाच्या जंगलात तळ्याकाठी एक मुंगूस राहत असे. खेकडे पकडून ते बाजारात नेई आणि त्यांच्या बदल्यात अस्वलाचा मध, नाहीतर सशाची रताळी घेई. बाजार एक म्हातारा वानर चालवी. प्रत्येक सौदा तो पळसाच्या पानावर टिपून ठेवी आणि दहा नगांमागे एक नग स्वतःला घेई. "नुसतं पान खरडायचं आणि माझा खेकडा न्यायचा!" असे म्हणत मुंगूस रोज चरफडे.

एके दिवशी दोनशे साळुंक्या त्या जंगलात आल्या. "वानर कशाला हवा?" त्या म्हणाल्या. "आमची शीळनाणी घ्या. ती दिसत नाहीत, पण कोणाकडे किती आहेत हे आम्हा दोनशे जणींना पाठ असतं. एक खोटं बोलली, तर बाकीच्या तिला खोडून काढतील. नाणं द्यायचं असेल तेव्हा आपापल्या दातांची शीळ घाला. एकाची शीळ दुसऱ्याला जमत नाही, म्हणजे चोरीची भीतीच नको. आणि आमच्यात मुख्य कोणी नाही!"

मुंगसाला हे फारच पटले. सकाळी एका रताळ्याला मिळणारे नाणे संध्याकाळी पाच रताळ्यांना विकले जाऊ लागले. मुंगसाने साठवलेले सगळे खेकडे देऊन शंभर नाणी घेतली आणि खेकडे पकडणेच सोडले. सगळे त्याला "शेठ" म्हणू लागले. त्या आनंदात एका सकाळी त्याने आंब्याची कोय दातांनी कडकन फोडली आणि त्याचा पुढचा दात पडला.

दुपारी भूक लागली. मध घ्यायला त्याने शीळ घातली, तर नुसते "फुस्स" झाले.

"ही तुमची शीळ नव्हे," साळुंक्या म्हणाल्या.

"अहो, मला ओळखत नाही का?"

"ओळखतो की! जंगलातले सर्वांत श्रीमंत तुम्हीच. शंभर नाणी!"

"मग त्यातलं एक अस्वलाला द्या!"

"शीळ घाला."

"फुस्स!"

"तुमच्या मुख्याला बोलवा!" मुंगूस ओरडले. दोनशे साळुंक्या खो खो हसल्या. "मुख्य नाही, म्हणून तर तुम्ही आमच्याकडे आलात!"

दाताविना खेकडेही धरता येईनात, तेव्हा रडकुंडीला आलेले मुंगूस वानराकडे गेले. "आजोबा, तुम्ही तरी त्यांना दटावा."

वानराने डोके खाजवले. "चोरी झाली असती, तर चोर शोधला असता. पण बाळा, तुझं काही चोरीलाच गेलेलं नाही! आता असं कर, माझ्या कोठारात उंदीर फार झालेत. ते हाकल, पोटापुरतं देतो."

मुंगूस कामाला लागले. साळुंक्यांचा धंदाही चालू राहिला. ससा थोडी रताळी तिकडे गुंतवी आणि बाकीची बिळात ठेवी. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून वानर आता वीस नगांमागे एकच नग घेऊ लागला.

मात्र साळुंक्या रोज सकाळी इमानेइतबारे ओरडत, "मुंगूस शेठ, शंभर नाणी!" ते ऐकून खारी उत्सवाच्या वर्गणीसाठी कोठारापाशी रांग लावत. त्या दिसल्या, की उंदरांमागे धावणारे मुंगूस उंदरांच्याच बिळात लपून बसे.

तात्पर्य : जिथे मुख्य कोणी नसतो, तिथे गाऱ्हाणे ऐकणाराही कोणी नसतो, म्हणून अशा ठिकाणी सगळीच पुंजी लावू नये.