येसबाने पारखून आणलेला ट्रॅक्टर

सावरखेड्यात येसबा नावाचा एक फार भोळा माणूस राहत असे. 'जरा थांब' म्हटलं, तर दुसरं कुणी 'चल' म्हणेपर्यंत तिथेच उभा.

त्याची बायको कौसा, गुणी आणि देवभोळी. पावसाच्या आत माळाची जमीन नांगरून व्हायला हवी होती. जमीन कडक, नुसत्या बैलांना झेपेना. म्हणून एक जुना ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं. पण कौसाचं नेमकं सात दिवसांचं पारायण लागलेलं. पोथी सोडून जाता येईना.

ती म्हणाली, "अहो, तुम्हीच बघून या. आधी बोनेटला हात लावा. गरम लागलं, तर मालकाने गुपचूप आधीच चालू करून ठेवलाय असं समजा. परत या."

येसबाने बैलगाडी जुंपली. भर दुपारी पोचला. ट्रॅक्टर उन्हात उभा. हात लावला, तर चटका बसला.

"काय पाव्हणं, चालू करून दावू?" मालक म्हणाला.

"नको. फसवता होय?" येसबा म्हणाला आणि परत आला.

"अहो, वैशाखाचं ऊन! लोखंड तापणारच की!" कौसा म्हणाली. पारायणात रागवायचं नसतं, म्हणून तिने पोथीला नमस्कार केला. "आता दुसऱ्या गावी जा, सकाळच्या गारव्यात. खाली वाकून बघा. काही टपकत असलं तर घेऊ नका."

दुसऱ्या गावच्या मालकाने पाहुणे येणार म्हणून ट्रॅक्टर लख्ख धुऊन ठेवलेला. बोनेट गार. येसबा खाली वाकला. टप्पकन एक थेंब नाकावर पडला.

"टपकतंय. येतो, राम राम."

"अहो, धुतल्याचं पाणी आहे ते!" मालक ओरडत राहिला.

कौसाने पोथीला दोनदा नमस्कार केला. "तेल टपकायला नको हो, तेल! बरं, असू द्या. आता चालू करून बघा. काळा धूर नको आणि आवाज नको."

तिसऱ्या गावचा ट्रॅक्टर गार होता, कोरडा होता. मालकाने चालू केला. आधी भसकन थोडा धूर निघाला, मग ढगढग सुरू झाली.

"आवाज करतोय," येसबा म्हणाला.

"ट्रॅक्टर आहे, करणारच! तुम्हाला काय मुका पाहिजे?"

"हो. कुठे मिळेल?"

मालकाने कपाळावर हात मारला. "वेशीबाहेर भंगारवाल्याकडे जा!"

येसबा गेला. लिंबाच्या सावलीत एक ट्रॅक्टर उभा होता. हात लावला, गार. खाली वाकला, कोरडं ठणठणीत. किल्ली फिरवली. धूर नाही, आवाज नाही.

"अहो, याला इंजिनच नाही," भंगारवाला म्हणाला.

"म्हणून तर इतका गुणी आहे!" येसबा म्हणाला.

संध्याकाळच्या आत ट्रॅक्टर दारात आला. पुढे बैल ओढतायत, बाजूने एक माणूस त्यांना हाकतोय, मागे येसबा ऐटीत स्टिअरिंग धरून बसलेला. कौसा अध्याय संपवून ओवाळायला धावली. तिने बोनेटमधून आत पाहिलं, तर पलीकडचा रस्ता दिसला. तिने दारातूनच पोथीकडे वळून तीनदा नमस्कार केला.

"बरं, देवाची इच्छा," ती म्हणाली. "थोडा थोडा करून बैलांनीच नांगरू माळ. पण अहो, तो माणूस आपले बैल सोडवून कुठे घेऊन चाललाय?"

"भंगारवाला ना तो. बदल्यात बैल दिले त्याला."

"बैल दिले?"

"तपासूनच दिले गं! हात लावला, तर दोघंही गरम. खाली वाकलो, तर तोंडातून टपकतंय. वर आवाजही करतात. असला बिघडलेला माल इतकी वर्षं तू दारात बांधलास तरी कसा?"