बयजा कासारीण आणि काकणाईचा वसा

ऐका काकणाई, तुमची कहाणी. बायांनो, वाती वळायच्या थांबवा, जवळ सरका, आज सांगायला माझाच जीव उतावीळ झालाय!

आटपाट नगर होतं, नगराला राणी होती, राणीला बांगड्या भरणारी बयजा कासारीण होती. बयजाच्या बोटांत कला मोठी. हात धरायची, दाबायची, अंगठा आत मुडपायची, बांगडी चढलेली हाताला कळायचीसुद्धा नाही. मग राजवाड्यात बोलावणं आलं, मग बसायला चौरंग मिळाला, मग बाईचं नाक वर झालं. "राणीचं माप मला पाठ आहे, हात कशाला बघायचा?" म्हणू लागली.

राणीला सातवा महिना लागला. हिरवा चुडा भरायचा सोहळा ठरला. बयजानं जुन्याच मापाच्या बांगड्या आणल्या. पोटुशी बाई, हाताला सूज येते, हे कुणालाही कळतं, हिला कळलं नाही! हात दाबला नाही, विचारलं नाही, गप्पा मारत बांगडी रेटली. काच पिचली, रक्त आलं. भर सोहळ्यात बायांनी तोंडाला पदर लावले. राजा संतापला. "हिला वाड्याची पायरी बंद!" वाड्याची बंद झाली, मग साऱ्या नगराची बंद झाली.

बयजा रडत निघाली. मग शेत लागलं, मग माळ लागला, मग रान लागलं. रानात पळसाखाली बाया बसल्या होत्या, एकमेकींचे हात हातात घेऊन. बयजानं विचारलं, "बायांनो, बायांनो, कसला वसा वसता?"

"काकणाईचा वसा वसतो."

"मला सांगाल?"

"तुला कशाला? आज घेशील, कुणी वाखाणलं की विसरशील."

"नाही विसरणार. मला माझी वाड्यातली जागा परत हवी."

बाया हसल्या. "मग ऐक. सकाळी दारी पहिली येईल तिचा हात धरावा. कशी आहेस, म्हणून विचारावं. तिचं होईतो दुसरं काम घेऊ नये, राजाचंसुद्धा. हात आधी, बांगडी मग."

बयजानं रानाकडेच्या गावात झोपडी बांधली, वसा घेतला. जवळ बांगडी एक नव्हती. पहिली आली ती दळणारीण. बोटं आखडलेली. बयजानं तेल कोमट केलं, बोटन् बोट चोळलं. ती मूठ मिटत-उघडत हसत गेली.

मग आली कुंभारीण. मनगट पोरीसारखं बारीक, जत्रेतली कुठलीच बांगडी राहत नसे. बयजानं पळसाची लाख आणली, निखाऱ्यावर मऊ केली, तिच्या हाताच्या मापानंच वळली. बांगडी बसली! कुंभारीण गावभर हात नाचवत सुटली, "बघा गं, माझ्या मापाची!"

मग आली एक विधवा. अंगणातच उभी राहिली. म्हणाली, "मला बांगडी चालत नाही."

"हात तर आहे ना? आण इकडं." बयजानं हात धरला, कशी आहेस म्हणून विचारलं. ती बाई ढसाढसा रडली. "कितीक वर्षांत माझा हात कुणी धरला नव्हता गं!"

बयजानं आपल्याच हातांकडं पाहिलं. अगं बाई, मला हेच तर येत होतं! काचेच्या पेट्या गेल्या, चौरंग गेला, हे कुठं गेलं होतं? त्या दिवसापासून तिला कधी एकदा उजाडतंय असं होई.

वर्ष सरलं, बोलबाला झाला, राजवाड्यापर्यंत गेला. एके सकाळी झोपडीपुढं पालखी! भोई म्हणाले, "चल बयजा, राणीनं बोलावलंय, चौरंग मांडलाय." ज्यासाठी वसा घेतला ते दारी आलं! पण ओट्यावर आधीच एक मोळीवाली बसली होती, हात पुढं करून. बायांनो, खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी तर पालखीत उडीच मारली असती! बयजानंही एक पाय आत टाकला होता. मग मोळीवालीनं आपला हात हळूच मागं घेतला. बयजानं ते बघितलं, आणि पाय बाहेर काढला. "हिचं झालं नाही अजून. जा तुम्ही."

पालखी रिकामी गेली. गाव घाबरलं. आता राजा काय करील, मारील की हाकलील? मग काय झालं? दुसऱ्या सकाळी राणी स्वतः आली, लेकरू कडेवर घेऊन! बायांची ओळ पाहिली, मुकाट्यानं शेवटी बसली. तिच्यामागं आणखी बाया येऊन बसल्या.

मग राणीची वेळ आली. बयजा म्हणाली, "मागं हात न बघता बांगडी रेटली, चुकले." मग हात धरला, दाबला, आणि चारचौघींना विचारते तसंच विचारलं, "कशी आहेस गं?"

राणीचे डोळे भरले. "सगळे बाळ कसं आहे विचारतात. मी कशी, हे तूच विचारलंस." मग बांगडी वळून झाली, हातात बसली, राणी म्हणाली, "चल बयजा. तुझी जागा तुझीच आहे."

बयजा तोंडभरून हसली. "राणीसाहेब, माझी जागा मला सापडली. तुम्ही येत जा. पण लवकर या, गर्दी होते." असं म्हणून तिनं राणीचा हात हलकेच सोडला आणि हाक मारली, "चल गं, पुढची कोण? ये, बैस!"

बयजाला काकणाई पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. जिची जागा गेली तिला नवी दिसो, जिचे हात रिकामे तिला त्यांतलं कसब कळो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा बोटांत सुफळ संपूर्ण!