मगरीचा जावई

पूर्वी अश्मक देशात पोतन नगरीवर एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने गोदावरीकाठच्या एका गोपाळवस्तीत जन्म घेतला. आईबापांनी त्याचे नाव सुजात ठेवले. राजा भला की बुरा, हे वस्तीला ठाऊक नव्हते. नगरीचा तट बांधायला त्याने त्या वर्षी वस्तीतले सगळे पुरुष वेठीला नेले, एवढे मात्र ठाऊक होते. त्यामुळे गुरे राखण्याचे काम पोरांवर आले. पोरे दहा होती.

नदीतल्या बेटावर चांगला चारा होता. तिथे जायला कमरेइतक्या पाण्यातून एकच उतार होता. वस्तीची जुनी रीत अशी की, गुरे पाण्यात घालण्याआधी एकाने पुढे व्हायचे आणि काठीने पाणी झोडपत उतार ओलांडायचा. मगर असलीच तर बाजूला सरते, निदान दिसते तरी. मोठी माणसे हे काम पाळीने करीत. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्या दिवशी त्याने जायचे. मग तो गोपाळप्रमुख का असेना.

पोरांचा म्होरक्या होता वासभ, गोपाळप्रमुखाचाच मुलगा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आधी नवा जाईल." नवा म्हणजे पुण्णक. आईबाप गेल्यावर तो मावशीकडे पोटावारी राहायला आला होता आणि बोलताना अडखळत असे. पुण्णक गेला. दुसऱ्या दिवशी पाळी सुजाताची होती. वासभ म्हणाला, "पुण्णकाला वाट माहीत झालीय, त्यालाच जाऊ दे." सुजाताने मान खाली घातली. त्याला बरे वाटले. बोधिसत्त्वाविषयी असे सांगणे जिवावर येते, पण घडले ते असे.

तिसऱ्या दिवशी कोणी पाळी विचारलीच नाही. पुण्णकाने एकदा नकार दिला, तेव्हा वासभाने त्याच्या मावशीच्या दोन्ही गाई अलीकडच्या काठावरच अडवून ठेवल्या. गाई उपाशी परतल्या म्हणून मावशीने पुण्णकालाही उपाशी ठेवले. त्यानंतर त्याने नकार दिला नाही. पोरांनी त्याचे नाव ठेवले, मगरीचा जावई. तो पाण्यात उतरला की काठावरून ओरडत, "सासूबाईंना नमस्कार सांग रे! मानपान नीट करून घे!" एकट्याच्या भीतीवर नऊ जण निर्धास्त झाले होते. हसणे त्यांना फुकट मिळत होते. सुजातही हसे, मोठ्याने नाही, पण हसे.

पंधराव्या दिवशी मगरीने उतारावरून एक वासरू ओढून नेले. आता थट्टा थांबेल असे कोणालाही वाटले असते. ती वाढली.

अठराव्या दिवशी बेटावर गुरे चरत असताना पुण्णक सुजाताजवळ येऊन बसला. बराच वेळ त्याचे ओठ नुसतेच हलत राहिले. मग म्हणाला, "उ... उद्या तू जाशील? एकच दिवस."

"वासभाला विचार," सुजात म्हणाला आणि उठून गेला.

एकोणिसाव्या दिवशी पोरे काठावर जमली. पुण्णकाने काठी उचलली आणि तिथेच त्याचे धोतर ओले झाले. पोरांत एकच हशा पिकला. सुजाताला स्वतःचे हसूही त्यात ऐकू आले आणि त्याला स्वतःचीच किळस आली. त्याने पुढे होऊन पुण्णकाच्या हातून काठी घेतली.

"पाळी माझी आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवसापासून माझीच राहिलीय."

"गुमान मागे हो," वासभ म्हणाला. "नाहीतर उद्यापासून जावई तू."

"होतो जावई. उद्याही मीच जाईन. पण एक सांग, वासभा, म्होरक्या कशाला म्हणतात? काठावर उभा राहून दुसऱ्याला ढकलतो त्याला?"

सुजात पाण्यात उतरला. तो काठीने पाणी झोडपत निघाला आणि उताराच्या मध्यावर मगरीने त्याला धरले.

सगळ्यात आधी धावला पुण्णक. इतके दिवस तोच त्या पाण्यातून जात होता. खडक कुठे, खड्डा कुठे, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. त्याच्यामागून बाकीचे सात काठ्या घेऊन घुसले. आठ जणांचा मार सुरू झाला तशी मगरीने पकड सोडली. वासभ काठावरच उभा होता.

सुजाताचा पाय मांडीपासून गेला होता. रक्त थांबेना. पोरे रडू लागली. सुजात म्हणाला, "माझी पाळी झाली. उद्या कोणाची, ते नीट ठरवा." दुपार व्हायच्या आत त्याने प्राण सोडला.

दुसऱ्या दिवशी गुरे काठावर हंबरत उभी राहिली. कोणी कोणाकडे पाहीना. मग वासभ पुढे आला आणि त्याने काठी उचलली. या वेळी कोणी हसले नाही. तो पाण्यात उतरला तेव्हा पुण्णकही त्याच्या शेजारून चालू लागला.

पुढे बुद्धांच्या काळी जेतवन विहारात काही कोवळे श्रामणेर, म्हणजे नवशिके भिक्षू, आपल्यातल्याच एका तोतऱ्या श्रामणेराचा रोज छळ करीत. त्यांना समोर बसवून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. तेव्हा एकाने विचारले, "भन्ते, वासभ म्हणजे तुमचा वैरी देवदत्तच ना?"

"नाही," शास्ता म्हणाले. "एवढ्याला देवदत्त लागत नाही. तेव्हाचा वासभ म्हणजे या विहारात आजाऱ्यांची घाण काढणारे तुमचे वृद्ध थेर भिक्षू. तेव्हाचा पुण्णक म्हणजे तुम्ही ज्याला रडवता तो. हसणारे सात कोण, ते मी सांगत नाही; ज्याचे त्याने ओळखावे. आणि सुजात म्हणजे मी. एकोणिसाव्या दिवशी पाण्यात उतरलेला मी, आणि त्याआधी अठरा दिवस गप्प बसलेलाही मीच."

श्रामणेरांच्या माना खाली गेल्या. या जन्मात बोधिसत्त्वाने आचरलेल्या गुणाला मैत्री पारमिता म्हणतात.