हुकूम धरून ठेवणारी गाडी

“मग यात जुनं काय राहिलं?” भारंबे सरांनी विचारलं.

“वरचं कवच, सर. आणि चाकांच्या तबकड्या,” मकरंद उपासनी म्हणाला. “बाकी सगळं बदललं.”

मठाच्या फरसबंद अंगणात त्या दोघांच्या मध्ये एक लाल गाडी उभी होती. हातभर लांब, रेडिओवर चालणारी. सर तंत्रनिकेतनात बिनतारी संदेशवहन शिकवायचे, तेव्हाची. कोणाची तरी परदेशातून आलेली, मोडून पडलेली गाडी त्यांनी दुरुस्त केली आणि पोरांच्या कितीतरी तुकड्या तिच्यावर शिकल्या. मकरंद त्यांतला सगळ्यात हुशार. आज तो धरणावरचा मोठा इंजिनिअर होता.

सर आता नदीकाठच्या या मठात एका खोलीत राहत. सकाळी पोथी वाचत, दुपारी गावाचे बिघडलेले रेडिओ उघडून बसत.

त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला नवी करून भेट द्यायची म्हणून मकरंदने गाडी नेली होती. सोहळा अजून लांब होता. गाडी मात्र आजच आली. तिच्याबरोबर एक काम आलं होतं.

सरांनी वाकून गाडी पाहिली.

“वेगाच्या रेग्युलेटरची पट्टी?”

“काढली. किती तापायची ती! आता इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आहे. मोटर ब्रशलेस, बॅटरी लिथियमची. गिअर पोलादी टाकले. नाहीतर नव्या मोटरने जुन्या प्लॅस्टिकच्या दात्यांचा भुगा केला असता.”

“एरियल?”

“आत. एवढीशी तार.”

“आणि चिमटा?”

मकरंद हसला.

त्या काळी मैदानावर एका लाकडी फळीला रंगीत चिमटे लावलेले असत. एका रंगाची एक रेडिओ-लहर. ज्याने चिमटा आपल्या रिमोटला लावला, त्यानेच त्या लहरीवर गाडी चालवायची. चिमटा फळीवर दिसला नाही तर आधी हाक द्यायची, “पिवळा कोणाकडे आहे रे?” न विचारता बटण दाबलं की दुसऱ्याची गाडी उधळायची. सरांच्या वर्गात बाकी सगळ्या चुकांना माफी होती, या चुकीला नव्हती.

“आता चिमटा लागत नाही, सर. हा रिमोट आणि ही गाडी एकमेकांना ओळखतात. कुणाला विचारायची गरज नाही.”

“कुणालाच?”

“कुणालाच.”

आभाळात सकाळपासून मळभ होतं. खाली नदीचं पात्र राखेसारखं दिसत होतं.

“सर... उद्याचं काय ठरवलंत?”

“काय ठरवायचंय?”

“चौकशी समितीपुढे यायचं. एवढंच सांगायचं की धरणाची यंत्रणा मी पाहिली आहे आणि ती निर्दोष आहे. समितीतले निम्मे लोक तुमचेच विद्यार्थी. तुमच्या शब्दापुढे कोणी जाणार नाही.”

घडलं होतं ते असं. धरणाचे दरवाजे शहरातल्या कंट्रोल रूममधून चालतील अशी व्यवस्था मकरंदने केली होती. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालं, पेढे वाटले, फोटो छापून आले. मग एका पहाटे शहरातून ‘उघड’ असा हुकूम सुटला. दरवाजा वीतभरच उघडायचा होता. तेवढ्यात संपर्क तुटला. ‘थांब’ हा हुकूम धरणापर्यंत पोचलाच नाही. दरवाजा उघडत राहिला.

खाली कोरड्या पात्रात भोई लोकांच्या टरबुजाच्या वाड्या होत्या. दरसाल असतात. शेवंताबाई वाडिले आणि तिची सून वाडीवरच्या झोपडीत झोपल्या होत्या. दोघींची प्रेतं पुलाच्या खांबाला अडकलेली सापडली. टरबुजं त्याहूनही पुढे वाहत गेली.

साहेब लोकांनी सांगितलं, तांत्रिक व्यत्यय. साहेब लोकांनी हेही सांगितलं की पात्रात राहणं बेकायदा होतं. मेलेल्या बायकांवर गुन्हा दाखल करायचं तेवढं बाकी राहिलं.

गुन्हा दाखल झाला तो दरवाज्यावरचा राखणदार सुभान तडवी याच्यावर. घटनेच्या वेळी तो धरणावरच्या कंट्रोल पॅनलसमोर हजर नव्हता. आता तो कोठडीत होता.

“मी यंत्रणा निर्दोष आहे म्हटलं,” सर म्हणाले, “तर सुभानचं काय होईल?”

“ते कोर्ट बघेल.”

“तू सांग.”

“शिक्षा होईल. थोडीफार... सर, दोन माणसं गेली आहेत. कोणाला तरी जबाबदार धरावंच लागतं.”

“तो पॅनलसमोर का नव्हता?”

“सांगतो काहीतरी. म्हणे दरवाज्याकडे धावला. तिथलं जुनं चाक हाताने फिरवून दरवाजा खाली घेतला म्हणे.”

“म्हणे?”

“...घेतला. पण नियमाने त्याची जागा पॅनलसमोर होती. आणि ते चाक काढून भंगारात टाका, असा माझा आदेश होता. त्याने टाकलं नव्हतं. तोही आदेशभंगच आहे, सर.”

“पॅनलवर काय दिसत होतं तेव्हा?”

“संपर्क नाही. बस.”

“तो ते वाचत बसला असता तर?”

मकरंदने खिशातून रुमाल काढला आणि गाडीचं चाक पुसू लागला. चाक स्वच्छच होतं.

“चालवून दाखव,” सर म्हणाले.

मकरंदचा चेहरा खुलला. त्याने रिमोट चालू केला. गाडी एकदम सुटली. जुनी गाडी खडखडत, कुरकुरत निघायची आणि बॅटरी उतरली की दमलेल्या बैलासारखी पायाशी येऊन थांबायची. ही नुसती घोंगावली. अंगणाच्या टोकाला जाऊन जागच्या जागी वळली, परत आली, मकरंदच्या बुटाला टेकणार तोच थांबली.

“बघितलंत? वाटेल तिथे थांबते.”

“दे इकडे.”

सरांनी रिमोट हातात घेतला. बोटं खटक्यांवर नीट बसली. त्यांनी गाडी अंगणाच्या लांबच्या टोकाला नेऊन उभी केली. मग ते विहिरीच्या कठड्याला टेकून बसले.

“तू तिकडे जा. पायरीपाशी. माझ्याकडे पाठ कर.”

“का?”

“कर म्हणतो ना.”

“सर, ऐंशीच्या घरात येऊन माझी थट्टा करताय?”

“इंजिनिअर झालास म्हणून थट्टा करायची नाही का?... पाठ कर.”

मकरंद हसत जाऊन उभा राहिला. पाठ केली, हात मागे बांधले. गाडी त्याची होती. तिच्यावर त्याचा विश्वास होता.

मागून घोंगावणं सुरू झालं. जवळ आलं. आणखी जवळ... मग एक बारीक आवाज झाला. खट्.

रिमोट बंद केल्याचा तो आवाज मकरंदने ओळखला. पण घोंगावणं कमी झालं नाही. त्याने मान वळवली आणि कसाबसा बाजूला उडी मारून पडला.

गाडी पायरीवर आदळली. उलटली. चारी चाकं आभाळाकडे करून तिथेच किंचाळत राहिली.

“सर! थांबवा ना!”

“रिमोट बंद आहे.”

“बंद का केलात?”

“रिमोट बंद झाला, मग ती का थांबली नाही?”

मकरंद गुडघे झटकत उठला. पँट फाटली होती.

“विचारतोय मी.”

“होल्डवर आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“तुम्हाला माहीत आहे, सर.”

“मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय.”

“संपर्क तुटला की... शेवटचा हुकूम धरून ठेवायचा. मध्येच क्षणभर सिग्नल गेला तर गाडी अडखळू नये म्हणून.”

“दुसरी सोय नव्हती?”

“होती. संपर्क तुटला की थांब, अशीही लावता येते. पण मग ती सारखी सारखी थांबते. दिसायला बरं दिसत नाही.”

उलट्या गाडीची चाकं फिरत होती. मठातला एक म्हातारा साधू दारात आला, त्याने आवाज कसला आहे ते पाहिलं आणि आत निघून गेला.

“आणि दरवाज्याला?” सरांनी विचारलं.

मकरंदने फाटलेली पँट गुडघ्यावर ओढून धरली.

“दरवाज्याला काय लावलं होतंस?”

“...तेच.”

“का?”

“उद्घाटनात दरवाजा मध्येच अडकला असता तर... मंत्री होते, सर.”

“नंतर बदललं नाहीस?”

“नंतर राहून गेलं.”

चाकं फिरतच होती.

मग मकरंदने डोकं वर केलं. वर्गात वाद घालायचा तसा त्याचा आवाज चढला.

“पण आत्ता बंद कोणी केलं? तुम्ही! रिमोट तुमच्या हातात होता. मला लागलं असतं तर दोष तुमचा होता.”

“बरोबर.”

“मग?”

“मग मलाही कोठडीत टाक. सुभानच्या शेजारी जागा आहे.”

“तसं नाही हो, सर...”

“तू बाजूला झालास.”

“आवाज आला म्हणून झालो.”

“त्या झोपल्या होत्या.”

मकरंद खाली बसला. मोटरचा जळका वास यायला लागला होता.

“रिमोट द्या, सर. चालू केला की ती थांबेल. मोटर जाईल नाहीतर.”

सरांनी हातातल्या रिमोटकडे पाहिलं. मग हात कठड्यापलीकडे नेला आणि बोटं उघडली. विहीर खोल होती. आवाज यायला वेळ लागला.

“सर!”

“थांबव तिला.”

“कशी थांबवू आता?”

“बटण असेल ना तिला.”

“आत आहे. कवचाखाली. पाणी जाऊ नये म्हणून स्क्रू मारून सगळं बंद केलंय... पेचकस द्या.”

“सुभानला कोणी दिला होता?”

मकरंदने पुढे केलेला हात खाली घेतला.

“परवा त्याला भेटून आलो,” सर म्हणाले. “हातात तांब्या धरवत नाही त्याला अजून... हाताने धर.”

मकरंद पुढे झाला. त्याने मागचं एक चाक मुठीत धरलं. ते थांबलं, तसं पलीकडचं दुप्पट वेगाने फिरायला लागलं. त्याने दुसरा हात घातला. रबराने तळव्याची साल काढली. तो ओरडला, हात सोडला. चाकं पुन्हा किंचाळली.

“असं नाही होणार, सर!”

सर बसून होते.

त्याने पुन्हा दोन्ही चाकं धरली. दात आवळले. पोलादी गिअर आत करकरले. त्याने स्वतःच निवडून बसवलेली मोटर त्याच्याच हातांशी झगडत होती आणि ती दमायला तयार नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कोपरं थरथरू लागली. गाडीच्या पोटातून धूर निघाला, एक हिसका बसला, आणि सगळं गप्प झालं.

मकरंदने हात उघडले. तळव्यांवर काळं रबर, रक्त आणि सोललेली कातडी.

सर कठड्याचा आधार घेत उठले. बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं आणि हळूहळू त्याच्या हातांवर ओतलं. वर्गात भाजलेल्या पोरांच्या बोटांवर ओतायचे, तसंच. मग खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी त्याचे हात टिपले. आधी डावा, मग उजवा.

“सर,” मकरंदचा आवाज खाली गेला होता. “उद्या तुम्ही याल ना?”

“नाही.”

“माझ्या बाजूने नका बोलू. पण या.”

“नाही.”

“मला एकट्याला उभं करणार?... काय सांगू मी त्यांना?”

सरांनी त्याचा उजवा हात अजून सोडला नव्हता. त्यांनी तो उलटा केला, तळवा उजेडाकडे धरला. मळभातून येत होता तेवढ्या उजेडाकडे.

“शपथ घेताना,” ते म्हणाले, “हाच हात वर कर.”