चिंगीचा शंख

किनाऱ्यावर अजून माणसाचं पाऊल उमटलं नव्हतं, त्या काळी एका पुळणीवर शंखात राहणाऱ्या खेकड्यांची शाळा भरे. अंग वाढलं की विद्यार्थी जुना शंख लाटेत भिरकावून देत. दुसऱ्याचा शंख घालणं त्यांना कमीपणाचं वाटे. होता होता रिकामे शंख संपले. धाकटी चिंगी उघड्या पाठीने फिरू लागली आणि वर घार घिरट्या घालू लागली.

दूरच्या बेटावरून शिकून आलेल्या शाळेच्या नव्या बाई, रेवाबाईंनी जाहीर केलं, "जुना शंख आणा आणि खोबरं खा!"

"शाळेचा उकिरडा करशील, पोरी," पुळणीवरचे सगळ्यांत म्हातारे आणि मोठे खेकडे धोंडूआजोबा हसले. खरंच, दुसऱ्या दिवशी नुसत्या फुटक्या शंखांचा ढीग लागला.

रेवाबाई हटल्या नाहीत. "आता तुमच्या शंखात दुसरं कुणी राहायला गेलं, तरच खोबरं. तेही दोघांनी मिळून खायचं!"

सगळे उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले. पण आधी कुणीतरी आपला शंख रिकामा करायला हवा; सुरुवात कोण करणार? धोंडूआजोबा खाकरले. "माझ्याकडे एक मोठा शंख नुसता पडून आहे. खोबरं मऊ आहे ना?"

आजोबा मोठ्या शंखात शिरले, त्यांच्या शंखात पुढचा, त्याच्या शंखात त्याच्या पुढचा. लाट परत फिरेपर्यंत शेवटचा चिमुकला शंख चिंगीच्या पाठीवर चढला. तेवढ्यात घार झेपावली. टक! चोच शंखावर आपटली आणि घार ओरडत उडून गेली.

साऱ्या पुळणीवर नांग्यांचा कडकडाट झाला. त्यात आजोबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. "माझ्या शंखात कोण राहायला गेलंय रे? चल लवकर, खोबरं थांबलंय!"