झाकलेल्या चुली

एका राज्यात समुद्रापलीकडून लोखंडी टोपांचे घोडेस्वार आले आणि एका लढाईत धनी होऊन बसले. त्यांनी टेकडीवर दगडी गड बांधला, रान राखीव केले आणि मांत्रिकाकडून शाप भरून ओतवलेली घंटा गडावर टांगली. सांजेला ती वाजली की घरोघरच्या चुली राखेने झाकायच्या. उजेड दिसला तर हात कलम. चार माणसे विस्तवाभोवती बसली की बोलतात, बोलली की बंड करतात, हे त्यांचे शहाणपण!

पिढ्या सरल्या. जेत्यांनी इथल्याच मुली केल्या, दोन्ही भाषा एकमेकींत मुरल्या. घंटा मात्र वाजतच राहिली आणि एके दिवशी तिचा शाप गडावरच उलटला. जेत्यांच्या वंशातल्या राजा हेमकेतूची लेक चित्ररेखा रोज सांजेला पायांपासून गार पडू लागली. गारठा छातीशी आला, तेव्हा खिडकीत एक साळुंकी येऊन बसली.

"राजा, घंटा उतरव. रान मोकळे कर. आणि सांजेनंतर प्रजेच्या चुलीतला विस्तव आणून लेकीच्या उशाशी ठेव."

राजाने घंटा वितळवली, रानाचे कुंपण तोडले. मग दवंडी पिटवली, "आज चुली झाकू नका!" लोकांनी माना डोलावल्या. सांज झाली, आणि घंटा नसतानाही प्रत्येक चुलीवर राख पडली. गडाच्या हुकमाने जडलेले भय गडाच्याच हुकमाने कसे जावे?

राजा सोन्याचे ताट घेऊन धावत गावात उतरला. पहिलेच दार येसूबाई कुंभारणीचे होते.

"विस्तव दे."

"चूल झाकली, महाराज. माझ्या आज्याचा हात याच पायी गेला."

राजाची मान खाली गेली. तो उंबऱ्यावरच बसला.

"हुकूम नाही, बाई. मागतो आहे. माझी लेक गारठून मरते आहे."

"लेकरू गारठलंय, हे आधी सांगायचं की!" येसूबाई उठली. "आणि सोन्याच्या ताटात कुणी विस्तव नेतं का? ही गोवरी धरा."

तिने राख सारली आणि गोवरीवर निखारा ठेवला. उघड्या दारातून उजेड रस्त्यावर पडला. शेजारणीने तो पाहिला. ती आधी घाबरली, पण कुणी शिपाई आला नाही, तेव्हा तिनेही आपली राख सारली. मग सारी आळी उजळली.

राजाने विस्तव गडावर नेऊन लेकीच्या उशाशी ठेवला आणि गुडघे टेकून फुंकर घातली. चित्ररेखेने झोपेतच हात पुढे केला.

"आई गं! चटका बसला!"

राजा ढसाढसा रडला.

गड अजून उभा आहे, जेत्यांचे निम्मे शब्दही लोकांच्या तोंडी आहेत. ते कोण काढणार? पण त्या राज्यात सांजेला आता माणसे विस्तवाभोवती बसतात आणि हवे ते बोलतात.