शेवटची दांडी

एकदा एक वृद्ध वाद्यकार आपल्या शिष्येच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबत होता, आणि सारा कारखाना हातातली कामं टाकून बघत उभा होता. असं काय झालं होतं, ते आधी सांगतो.

कृष्णाकाठच्या एका गावात सतारी-तंबोरे घडवणाऱ्यांची एक गल्ली आहे. हा वाद्यकार तिथला. सारे त्याला चाचा म्हणत. सत्तरी उलटल्यावर चाचांनी इलेक्ट्रिक गिटारी घडवायला घेतल्या, तेव्हा गल्लीने तोंडात बोटं घातली. याच गिटारी घडवायला शिकण्यासाठी पुण्यातली चांगली नोकरी सोडून शलाका त्यांच्याकडे आली. तिशीची बाई, हट्टी आणि कष्टाळू. तिचा कान फार तयार होता. सतारीचं लाकूड पारखताना फळीवर टिचकी मारतात आणि घुमारा ऐकतात. ही विद्या शलाकाने वर्षभरात अशी उचलली, की जुने कारागीरही फळी घेऊन तिच्याकडे येत. खोटं कशाला बोला, तिला त्याचा थोडा ताठाही होता.

डेन्झिल हा गोव्याचा गिटारवादक. प्रवासी जहाजांवर वाजवून पोट भरणारा. त्याची गिटार शलाकाने घडवली. दांडी, म्हणजे जिच्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात ती गिटारची मान, तिने सर्वांत गोड वाजणाऱ्या शिसवी फळीतून कोरली. समुद्राची दमट हवा लागताच दांडीने पीळ खाल्ला. दुसरी दांडी तिने त्याहून गोड वाजणाऱ्या फळीची केली. ती तर दोन महिन्यांत वाकली, आणि डेन्झिलला अर्ध्या कार्यक्रमातून उठावं लागलं.

तो आला, पण रागावला नाही. तेच शलाकाला जास्त लागलं.

"बाय, पुढच्या महिन्यात परत जहाजावर चाललोय," तो म्हणाला. "आता बेसूर वाजलं तर मला बंदरावरच उतरवतील. जरा बघ ना नीट."

तो गेल्यावर चाचा एवढंच बोलले, "बेटी, ही तिसरी. हीसुद्धा वाकली, तर गिटार तुझ्या हातची नाही असं समजू. तंबोरे आहेतच."

शलाकाच्या तोंडचं पाणी पळालं. रखवालदाराने कुलूप काढायच्या आत ती दुसऱ्या दिवशी दारात हजर. सारे कामाला लागले तेव्हा भिंतीशी पाच फळ्या उभ्या होत्या. तिने टिचकी मारायला बोट उचललं आणि नेमका तेव्हाच चाचांनी कापूस आणला. कानांत बोळे बसवून त्यांनी हातानेच खूण केली: आता निवड.

शलाका पार गोंधळली. ज्या एका गुणावर तिची सारी भिस्त, तोच काढून घेतला! ही शिक्षा म्हणावी की थट्टा? ऐकू येत नाही तर डोळ्यांनी निवडू, असं ठरवून तिने एक देखणी फळी उचलली. तिच्यात रेशमी लाटांसारख्या रेषा होत्या. चाचांनी मान हलवली आणि फळी परत भिंतीला लावली.

मग त्यांनी एक दोर आणला. एक टोक शलाकाच्या हाती दिलं, दुसरं दोन धडधाकट कारागिरांच्या. "ओढा रे," त्यांनी खुणावलं. शलाकाने पाय रोवले. दोर ताणला गेला, खांदे भरून आले, कपाळावर घाम फुटला. चाचा तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या कानांतले बोळे काढले आणि शांतपणे म्हणाले, "हं. आता गा बघू काहीतरी."

"काय?"

"गा. तुझा गळा बरा आहे."

तिने तोंड उघडलं, पण सूर कसला निघतोय! निघाला तो नुसता हुंकार. कारागीर हसू लागले. शलाकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चिडून ओरडली, "अहो चाचा, उभी राहू की गाऊ? एक काहीतरी सांगा ना!"

"सोडा रे दोर," चाचा म्हणाले. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. "हाच प्रश्न दांडी तुला दोनदा विचारून गेली, बेटी. सतारीची तबली, भोपळ्यावरची ती पातळ फळी, गाते, आणि भोपळा घुमतो. तिथं तुझी टिचकी खरी. या वाद्यात आवाज उचलायला तारांखाली चुंबक बसवलेत. दांडीच्या लाकडाचाही थोडा रंग लागतो, नाही म्हणत नाही. पण सहा तारा मिळून तिला रात्रंदिवस ओढतात, पन्नासेक किलोंच्या जोराने. तिचा धर्म गाण्याचा नाही, सोसण्याचा. ती सरळ उभी राहील तेव्हा डेन्झिल गाईल. तू मात्र गोड बोलणाऱ्याच्या खांद्यावर ओझं देत आलीस."

शलाका स्टुलावरून उठली. तिने एकेका फळीवरच्या रेषांवरून बोट फिरवलं. कुठे रेषा मध्येच वळत होत्या, कुठे गाठीला अडखळत होत्या. एकाच फळीत त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या होत्या. मेपल या विलायती झाडाची फिकी, साधी फळी. नुसती थडथड वाजते म्हणून तिने ती दोनदा बाजूला टाकली होती.

"हीच ना, चाचा?"

"मला काय विचारतेस? वाजवणार तो, आणि घडवणार तू."

तिने ती घडवली. डेन्झिल ती घेऊन चार महिने जहाजावर गेला. त्या चार महिन्यांत शलाकाला धड जेवण गेलं नाही. तो परत आला आणि त्याने गिटार तिच्या हाती दिली. तिने एक डोळा मिटून टोकापासून दांडीवर नजर टाकली. दांडी सरळ होती. तरी तिला राहवेना.

"दांडी कशी वाटली?"

डेन्झिल क्षणभर बुचकळ्यात पडला. "दांडी?" तो म्हणाला. "बाय, खरं सांगू का, तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही."

शलाकाने वळून चाचांकडे पाहिलं. एवढं मोठं शाबासकीचं वाक्य तिने आजवर ऐकलं नव्हतं.

आपल्याही घरात आणि कचेरीत कुणीतरी त्या दांडीसारखं, कुणाच्या लक्षात न येता, ताण सोसत उभं असेल. आज एकदा त्याच्याकडे लक्ष जाऊ द्यावं.